करवतीखालचा क्यू

प्रिय नितेशदादा,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आधी बातमी सांगते. अकोल्यात आपण जिंकलो. परत येताना बाबा एसटीत खिडकीशी बसून चक्क गुणगुणत होते.

आईने तुला अर्धंच सांगितलं असणार. अकोटचे गोवर्धनभाऊ आठवतात ना, कापसाचे जिनिंगवाले, पूल-बिलियर्ड्सचे हाताने घडवलेले क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, जमवणारे? त्यांनी अकोल्याच्या एका दुकानातून बाबांचा, जानरावमधला ‘जा’ ठसा असलेला क्यू घेतला आणि तो थोड्याच दिवसांत वाकला. ते तडक अमरावतीला आपल्या कारखान्यात आले. बाबांनी क्यू टेबलावर लोळवून पाहिला आणि हा आपला नाही म्हणाले. गोवर्धनभाऊंना ते पटलं नाही. जानरावांचे हात आता थरथरतात, म्हणून बाहेरचा माल आणून ठसा मारतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. खेळणाऱ्यांत ही गोष्ट पसरली आणि क्लबांकडून क्यू मागवणं बंद झालं. बाबा ताटावर बसले तरी घास उचलत नसत. तुला मात्र फोनवर ‘बरं हाये’ एवढंच सांगत.

शेवटी मीच गोवर्धनभाऊंना फोन केला. म्हटलं, पूलच्या स्पर्धेला सगळे अकोल्यात जमणारच आहेत, त्या दुकानदारालाही बोलवा, सगळ्यांसमोर काय ते होऊ द्या. बाबा यायला तयार नव्हते. तुम्ही नाही गेलात तर मी जाते, असं आई म्हणाली तेव्हा निघाले.

तिथे मी तो वाकलेला क्यू मुठीपाशी कापला. आत हलकं, भुसभुशीत लाकूड, वरून चिकटवलेला काळा पापुद्रा. दुकानदार हसला. आजकाल सगळ्यांचेच असे असतात, जानरावांचा आतून वेगळा कशावरून, असं त्याने विचारलं. लोकांनाही ते पटायला लागलं. आता खरा क्यू कापल्याशिवाय उत्तर नव्हतं, आणि स्वतःचा क्यू कापायला कोण देणार? मी सोबत नेलेला आपल्या कारखान्यातला क्यू पिशवीतून काढला. तो घडवण्यात अख्खा पावसाळा गेला होता. बाबा हळूच म्हणाले, “राहू दे पोरी.” मी करवत चालवली. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

कापलेला तुकडा मी गोवर्धनभाऊंच्या हातात दिला. मधे फिकट ॲश लाकडाचा चौकोनी गाभा, चारी बाजूंनी काळ्या आबनुसाच्या लाकडाचे चार तुकडे त्याला इतके घट्ट बसलेले की सांध्यात नख शिरेना. तो तुकडा हातोहात हॉलभर फिरला. दुकानदार उठून बाहेर जायला निघाला, पण खेळाडूंनी त्याला दारातच अडवून दुकानातले ते सगळे क्यू काढून टाकायचं कबूल करून घेतलं. गोवर्धनभाऊंनी सगळ्यांसमोर बाबांची माफी मागितली. मग विचारलं, थरथरत्या हातानं असं काम कसं होते?

बाबा उभे राहिले. “माह्या हातानं आता नाई होत. हे वर्षालीचं काम हाये. तुमच्या घरचे नवे क्यूही तिचेच. मी फक्त तपासतो अन् ठसा मारतो.”

 मला वाटलं, झालं, आता हेही बनावट ठरणार. गोवर्धनभाऊंनी तो तुकडा परत हातात घेतला. मग म्हणाले, “मंग त्याच्यावर तिचं नाव काहून नाई?”

  गोवर्धनभाऊंनी तिथल्या तिथे मला नवा क्यू घडवायला सांगितला, माझ्या ठशाचा. त्यांच्यामागे आणखी चौघे क्यू सांगायला उभे होते.

आता मुद्द्याचं. बाबांचं नाव सावरायला आणि कारखाना सांभाळायला नोकरी सोडून घरी येतो, राजीनामा लिहून तयार आहे, असं तू आम्ही अकोल्याला जायच्या आधी आईला सांगितलंस. आई रडली, आणि मी तिथेच लाकूड तासत होते हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दादा, तो राजीनामा फाडून टाक. रागावून नाही सांगत. तुझी माया मला कळते. घरी ये, हवा तितका राहा, पण सुटी काढून ये. कारखाना मी चालवते. काल बाबांनी रंगाऱ्याला बोलावून पाटीवर माझं नाव लिहून घेतलं, स्वतःच्या नावाच्या वर. मी खाली लिहा म्हटलं, तर ऐकेनात.

तुझीच,
वर्षाली