चारही चाके ओढतात

२ फेब्रुवारी, सकाळी

गाडी आली. जुनी आहे. मीही जुना आहे आणि चालतो आहे. चारही चाकांनी ओढणारी गाडी या आवारात दुसऱ्या कोणाकडेही नाही.

माझी पूर्वीची लहान गाडी चिरंजीवांनी मला न विचारता विकून टाकली. कारण काय, तर फाटकाचा खांब. तो खांब मुळातच कललेला होता, हे मी त्या वेळीही स्पष्ट सांगितले होते.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. ती त्या काळची चौथी होती. त्यानंतर चाळीस वर्षे सुतारकाम केले. माणसाने बनविलेली वस्तू मला समजली नाही, असे अद्याप घडलेले नाही. ही गाडी रोजच्या वापरासही राहील आणि आत बिछाना, कपाटे व चुलीची सोय करून मी ती मुक्कामासही नेईन. हॉटेलवाल्यांच्या चादरींचा मला तिटकारा आहे.

सौ. खिडकीतून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, की विकणाऱ्यानं यात चढायला शिडी दिली आहे का, की ती वेगळी घ्यायची.

३ फेब्रुवारी, रात्री

चिरंजीव आले. चहाही न घेता सुरू झाले. म्हणाले, बाबा, तुम्ही आरशात बघत नाही, मागे बघत नाही, फक्त पुढे बघता, आणि तेसुद्धा रागानं. मी म्हणालो, की रस्त्यावर रागवण्याजोगे पुष्कळ असते.

शेवटी त्यांनी अट घातली. सौ.ला घेऊन मी एक रात्र बाहेर मुक्काम करावा आणि कोणाचीही मदत न घेता परत यावे. तसे झाले तर माझ्या गाडी चालविण्याबद्दल ते पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. न झाल्यास चावी त्यांच्याकडे, कायमची.

अट मी तत्काळ मान्य केली. ज्याला मी पाटीवर पेन्सिल धरावयास शिकविले, त्याने मला अट घालावी, हा अपमान मी लक्षात ठेवला आहे.

सौ.ला कोणी विचारले नाही. तसे तिने बोलून दाखविले.

९ फेब्रुवारी

रोजचा वापर सुरू. भाजी, औषधे, टपाल कचेरी. स्टेअरिंग जड आहे, परंतु दंड बळकट होत आहेत. एका बसचालकाने खिडकीतून डोके काढून विचारले, की आजोबा, वळताय की राहायला आलात. मी त्यास उत्तर दिले नाही. उत्तर सुचेपर्यंत तो गेला होता.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहतो. मी त्याच्या जागेवर एक वीत घुसलो आहे, अशी त्याची तक्रार. गाडीभोवती फिरून म्हणाला, एवढी कशाला घेतलीत. मी सांगितले, की चारही चाके ओढतात. तो म्हणाला, ओढून नेणार कुठे, मंडईत? या माणसाशी यापुढे बोलावयाचे नाही.

१६ फेब्रुवारी

गाडी मेकॅनिककडे नेली. हा मनुष्य फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून काम करतो. मला काका म्हणतो. मी त्याचा काका नाही.

क्लच ठीक केला, ऑइल बदलले. मोठ्या गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा आहे. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, काका, याचं माहीत आहे ना. मी म्हणालो, की तुझे जेवढे वय आहे तेवढी वर्षे मी दांडे, मुठी आणि बिजागऱ्या बसवीत आलो आहे, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, राहिलं. आणि पुन्हा फोनवर कोणाला तरी शिव्या देऊ लागला.

सौ. बाजूच्या बाकावर बसली होती. घरी येताना म्हणाली, तो काहीतरी सांगत होता, सांगू द्यायचं. मी म्हणालो, की त्याला सांगावयाचे नव्हते, बिल वाढवायचे होते.

१९ फेब्रुवारी

मागील आसन काढून टाकले व आवाराच्या पहारेकऱ्यास बसावयास दिले. आता गाडीत माणसे दोनच बसतील, मी आणि सौ. चिरंजीवांनी पुढे कधी येतो म्हटले, तर त्यांनी कोठे बसावे, असा प्रश्न सूनबाईंनी विचारला. तो प्रश्न पडावा म्हणूनच आसन काढले आहे.

५ मार्च

बिछाना झाला. सागवान. लांबी माझ्या उंचीबरहुकूम. खाली चार खण. खिळा नाही, स्क्रू नाही. फळीचे दात फळीच्या खाचेत, वर सरस, आणि जेथे शंका तेथे पाचर. असे काम आता कोणी करीत नाही. कारखान्यातील कपाटे पावसाळी हवेत पोळीसारखी फुगतात.

सौ. आत आडवी होऊन आली. छत जवळ आहे म्हणाली. कूस बदलायची तर खाली उतरून बदलावी लागेल, असेही म्हणाली.

हिशेबनीस जिन्यावरून वाकून पाहत होता. फळ्यांची लांबी पाहून विचारू लागला, की एका रात्रीची सोय आहे, की कायमची. न बोलण्याचा माझा नियम त्याने मोडावयास लावला. मी त्यास नालायक म्हणालो.

११ मार्च

दोन आसनांच्या मध्ये एक लहान कपाट हवे आहे. वर चहाचे सामान, कप ठेवावयास खाचा. अडचण त्या आखूड दांड्याची. तो नेमका मध्ये येतो.

तीन दिवस त्याची परीक्षा घेतली. पुढे ढकलून बाजारात गेलो, मागे ओढून बाजारात गेलो. काहीही फरक नाही. गाडी जशी चालते तशीच चालते. माझा निष्कर्ष असा, की ही पूर्वीच्या मालकाची हौस असावी. काही लोकांना दांडे आवडतात.

दांडा मागे ओढून ठेवला आणि कपाटाचा खालचा कप्पा त्यावर चारही बाजूंनी कायमचा बंद केला. सहा पाचरी. आता हे कपाट मला स्वतःलाही उघडता येणार नाही. सौ. म्हणाली, निदान कोणाला विचारा तरी, गाडी बनवणाऱ्यांनी उगाच का बसवला असेल. मी म्हणालो, की गाडी बनविणारे मला विचारून गाडी बनवीत नाहीत, मग मी त्यांना का विचारावे.

कप खाचेत घट्ट बसतात. काढताना दोन्ही हात लागतात, एवढेच.

२३ मार्च

गाडी मागून खाली बसली आहे, असे मेकॅनिकचे म्हणणे. म्हणाला, आत घर बांधलंय का. हवा भरून घेतली. 

३० मार्च

चिरंजीव दर रविवारी विचारतात, की कधी निघताय. आवाज असा, की जणू पाहुण्याला विचारावे. व्हार्निश वाळावयाचे आहे. ते वाळले असते, परंतु दुसरा हात द्यावयाचा आहे.

६ एप्रिल

गुडघा. पुढील आठवड्यात निश्चित.

१२ एप्रिल

पडद्यांचे कापड सौ.ने उगाच निळे आणले. हिरवे सांगितले होते. बदलून आणल्याशिवाय निघणार नाही. सौ. म्हणाली, तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा, मी कोणाला बोलणार नाही.

परवा निघणार होतो, ते आता १९ तारखेस सकाळी निघणार. निळ्या पडद्यांसह.

१९ एप्रिल, सकाळी, निघण्यापूर्वी

सर्व सज्ज. हत्यारांची पेटी घरीच ठेवली आहे. मी जे जोडतो ते सुटत नाही, सबब हत्यारे वाहून नेण्याचे कारण नाही.

चिरंजीव फाटकापाशी उभे. म्हणाले, फोन चार्ज आहे ना. मी म्हणालो, की त्याची गरज भासणार नाही. त्यांनी खांबाकडे पाहिले. मी खांबाला न लागता बाहेर पडलो, याची येथे नोंद करतो.

१९ एप्रिल, सायंकाळी, तळ्याकाठी

उत्तम जागा. इतर लोकांनी आपल्या लहान गाड्या वर खडीवरच लावल्या आहेत. भित्री मंडळी. मी थेट पाण्याजवळच्या मोकळ्या जमिनीवर उतरलो. जाळे गुंडाळीत बसलेला एक मासेवाला म्हणाला, तिथं नका लावू, वरून सुकलेलं दिसतंय, खाली गाळ आहे. मी त्यास सांगितले, की चारही चाके ओढतात. तो म्हणाला, मग काय, तुमचं तुम्ही बघा.

सौ.ने अंडी उकडली. कप निघेना, म्हणून चहा पातेल्याच्या झाकणातून घेतला. सूर्यास्त बरा होता. सौ. पाण्याकडे पाहत म्हणाली, की लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही मला पहिल्यांदा कुठंतरी आणलंत. हे प्रशंसेने म्हटले की टोचून, ते कळले नाही. तिचा आवाज दोन्हींस एकच असतो.

२० एप्रिल, सकाळी ७

गाडी हलत नाही. मागील दोन चाके फिरत आहेत आणि खाली जात आहेत. पुढील दोन स्वस्थ आहेत. सौ. खाली उतरून पाहून आली आणि म्हणाली, चारही ओढतात म्हणालात ना, मग पुढची दोन काय बघत बसली आहेत. मी सांगितले, की इंजिन थंड आहे.

सकाळी ८.३०

इंजिन तापले आहे. मागील चाके अर्धी गाळात.

मासेवाला आला. त्याने काही न विचारता आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, तुमचा फोर व्हीलचा दांडा कुठाय. मी विचारले, कोणता दांडा. तो म्हणाला, छोटा. तो टाकल्याशिवाय पुढची चाकं कशी ओढतील, बाबा. रस्त्यावर लागत नाही तो, असल्या गाळासाठीच तर असतो.

सौ. माझ्याकडे पाहत नव्हती. ती कपाटाकडे पाहत होती.

सकाळी १०

कपाट फोडण्याचा निर्णय अंती मीच घेतला. हत्यारे नाहीत. जॅकचा लोखंडी दांडा घेतला. दणका दिला. मग मोठा दगड घेतला. मग मासेवाल्याने दगड घेतला. तो म्हणाला, कोणी बनवलंय हे, अक्कल गहाण ठेवून. मी सांगितले, की मी बनविले आहे. तो म्हणाला, चांगलं बनवलंय.

एक पाचरही हललेली नाही. मला आनंद होऊ नये असा हा प्रसंग होता, तथापि झाला.

सकाळी ११

सौ.ने फोन माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, की तू कर. ती म्हणाली, अट तुमची, फोनही तुम्हीच करायचा. मी सगळं केलं, अंडी उकडली, पडदे शिवले, तुमच्या त्या फळीवर रात्रभर एका कुशीवर झोपले. हे मी करणार नाही.

मी फोन केला. मदत मागितली नाही. केवळ ठिकाण कळविले आणि येथील जमीन अयोग्य आहे, असे सांगितले. चिरंजीव म्हणाले, निघतो. आणखी काही बोलले नाहीत. मी आणखी काही बोलण्याची वाट पाहत होतो. उत्तरे तयार होती.

२० एप्रिल, रात्री, घरी

चिरंजीव मेकॅनिकला घेऊन आले. मेकॅनिकने बॅटरीवर चालणारी करवत आणली होती. कपाट पाहून तो कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन नसतानाही मान वाकडी करून उभा राहिला. म्हणाला, काका, मी सांगत होतो ना. मग काम सुरू केले. माझ्या कामातून करवत जात असताना मी तळ्याकडे पाहत राहिलो. बदके होती.

भोक पडले. त्याने हात घालून दांडा पुढे ढकलला. गाडी वर आली. सहज आली, जणू कोणी तिला आत्ताच बोलाविले. पुढील चाकांना ओढताना मी आज प्रथमच पाहिले. चांगली ओढतात.

चिरंजीवांनी चावी मागितली नाही. मी ती मागितली जाण्याची बरीच वाट पाहिली, कारण नकार कसा द्यावयाचा हे मनात ठरविले होते. ते नुसते चाकांचा गाळ काठीने खरवडीत राहिले. तेव्हा मीच त्यांच्यापाशी गेलो आणि चावी हातात दिली. शब्द मी दिला होता, त्यांनी नव्हे. ते म्हणाले, राहू दे बाबा, घरी गेल्यावर बघू. मी म्हणालो, की घे.

मेकॅनिक चिरंजीवांची गाडी घेऊन पुढे गेला; त्याच्या शेजारी बसणे मला मान्य नव्हते. माझी गाडी चिरंजीवांनी चालविली. शेजारी सौ. बसली. मला बसावयास जागा नव्हती, कारण मागील आसन पहारेकऱ्याकडे आहे. सबब मी बिछान्यावर उताणा पडून आलो. हात पोटावर घेतले, कारण दुसरीकडे ते मावत नाहीत.

निळे पडदे उघडे होते. एका सिग्नलवर मागील गाडीचा चालक काचेतून माझ्याकडे पाहू लागला. मग त्याने टोपी काढून छातीशी धरली व मान खाली घातली. सभ्य मनुष्य. मी हात वर करून त्यास प्रतिसाद दिला. सिग्नल हिरवा झाला तरी तो निघाला नाही. त्याच्या मागच्या सर्वांनी हॉर्न वाजविले.

समोरून सौ.च्या हसण्याचा आवाज येत होता. चिरंजीवही हसत होते. कशास, ते मी विचारले नाही.

२७ एप्रिल

चिरंजीव रोज कामावर माझी गाडी नेतात. खांबाला एकदा घासली. मी काही बोललो नाही, परंतु खिडकीतून पुष्कळ वेळ पाहत राहिलो, म्हणजे त्यांना दिसावे.

भोकाला झाकण हवे आहे, असे ते आज म्हणाले. दांडा वर राहील आणि झाकण एका बोटाने उघडेल, असे. हे काम मेकॅनिक करू शकणार नाही. विचार करून सांगतो म्हणालो. माप मी गाडी घरी आली त्याच दिवशी घेऊन ठेवले आहे.

पुढील महिन्यात सर्वांनी मिळून पुन्हा तळ्याकाठी जावयाचे ठरले आहे. मला कोणी विचारले नाही. सौ. म्हणाली, झाकण करताच आहात, तर मागे एक खुर्चीही करून घ्या, स्वतःसाठी. परत तसं झोपून येऊ नका, लोक घाबरतात.

 ती स्वयंपाकघरात गेल्यावर भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो आणि डोक्याच्या उंचीला पेन्सिलीने खूण केली.