सातव्या थराखालचा अंगठा

बाबा,

तुम्ही घर सोडून गेलात त्याला बारा वर्षं झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहितेय. मी जुन्या वास्तू जपायचं शिकते. आई म्हणते, "रंगाऱ्याची पोर, शेवटी रंगच खरवडत बसली."

काल एका शंभर वर्षं जुन्या घराची भिंत खरवडली. रंगाच्या सात थरांखाली, दाराआड, अंगठा उमटलेला होता, मधोमध आडवा व्रण असलेला. काम मनासारखं झालं की तुम्ही अस्साच उमटवायचात.

मी घाबरले. सरांना न सांगता त्यावर रंग फासला. आमच्या शिक्षणात याहून मोठं पाप नाही.

आज सकाळी माझ्या वाळलेल्या रंगावर तोच अंगठा होता, ओला.

माझं काम पसंत पडलं म्हणायचं का?

तुमची,
ठमी