खांबापासून खांबापर्यंत

एलोवो, ९ डिसेंबर

चि. झोरा हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी दुकानात बसून गावभर केलं आहे, की नाताळच्या आदल्या दिवशी आमची लेक त्रोयानहून धावत डोंगर ओलांडून जेवायला येणार. बस असताना धावायचं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, तिच्या बुटांना खिळे आहेत, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, बकरीला खूर असतात, तरी मितोची बकरी परवा दरीत गेलीच ना!

आधी पाऊस झाला, मग कडाका पडला. वर सगळी काच झाली आहे, आणि काल तिच्यावर भुरभुरीत बर्फ पडला. काच आता दिसतही नाही.

येऊ नको म्हटलं तर ऐकणार नाहीस. म्हणून एकच शब्द दे. धारेवर वाट दाखवायला रोवलेल्या एका खांबापासून पुढचा खांब दिसला नाही, तर मागे फिरायचं. मग कोणीही बोलावो.

भोपळ्याची गोड गुंडाळी करते आहे. माया आहेच, पत्र पाठव.

तुझी आई,
स्तांका

त्रोयान, २६ डिसेंबर

ती. आईस झोराचा सा. न.

डोंगरातल्या वाटसरूंच्या निवाऱ्यातून पाठवलेला निरोप मिळाला असेल. मी सुखरूप आहे.

सकाळी बर्फ इतका टणक होता, की पाय नुसते वाजत होते. काय मजा आली पळायला! झाडी संपली तसा तो उन्हाने मऊ पडला, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जाऊ लागला. धारेवर मात्र वाऱ्याने दगड उघडे केलेले. आता उतरायचं तेवढं राहिलं होतं, आणि धुकं आलं. एक खांब हाताशी, पुढचा नाही.

तेवढ्यात आपल्या चर्चची घंटा ऐकू आली. धुक्यात डोंगरावर कोणी असलं की वाजवतात तशी, थांबून थांबून. अगदी जवळ, डावीकडून. आवाज धरून उतरले तर थेट जेवायला, असं वाटलं. दोन पावलं टाकलीही. मग तुला दिलेला शब्द आठवला आणि घराकडे पाठ केली. रडतच खाली धावले. निवाऱ्यातल्या बाईंनी घेवड्याचं सूप पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, रडू नकोस बाई, मीठ आधीच जास्त झालंय.

बाबांचं गावात हसं झालं असेल. त्यांना तोंड कसं दाखवू?

तुझी,
झोरा

एलोवो, ३० डिसेंबर

चि. झोरास आशीर्वाद.

घंटा तुझे बाबाच वाजवत होते. दुपारपासून. जेवायला ओढून आणलं, तर ताटावरून पुन्हा उठले. या दिवशी मधेच उठलं तर कोंबड्या अंडी उबवत नाहीत, म्हटलं, तर म्हणाले, मरू देत तुझ्या कोंबड्या.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. डावीकडून, असं वाचताच त्यांनी मला थांबवलं. डावीकडे घळ आहे. वारा आवाज तिकडे फेकतो, आणि तिथल्या नव्या बर्फाला पाखराचंही ओझं सोसत नाही. ते बराच वेळ घंटेच्या दोराने सोलवटलेल्या आपल्या तळहातांकडे बघत बसले.

मग टोपी घालून दुकानात गेले. साखरेचं निमित्त करून मीही मागोमाग गेले. मितोने विचारलंच, काय नायदेन, कुठे आहे तुझी हरिणी? बाबा म्हणाले, मी स्वतः हाक मारत होतो, तरी ती मागे फिरली. आहे तुमच्यात कोणाची अशी मुलगी?

कोणी हसलं नाही, गं.

लोभ असू दे, आमच्या हाकेला ओ दिली नाहीस तरी.

तुझी आई