तळमजल्यावरील खोलीचे सील व माझा आवाज

प्रति,
मा. ध्वनी नियंत्रण अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्याच तक्रारीवरून सील झालेली खोली उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अकरा अर्ज.

महोदय,

अकराही अर्जांत मी आपणांस 'कर्तव्यदक्ष' म्हटले होते. आपण तसे निघालात, याचे आता वाईट वाटते.

१) आमच्या खाली तीन कलावंतांनी स्वतःच काढलेली रेकॉर्ड कंपनी आहे. यंत्रांवर संगीत रचायचे, त्याच्या तबकड्या काढायच्या, वेष्टनेही आपणच करायची, असा घरचा कारभार. तेथून रोज दुपारी 'जात्यात खडे भरडल्यासारखा' आवाज येतो, असे मी अर्ज क्र. ४ मध्ये लिहिले होते.

२) तो आवाज आमच्याच शिलाई मशीनचा होता. मशीन दुरुस्तीला टाकलंय, असे आमच्या हिने सांगितले होते. आणि बहिणीकडे जाते म्हणून ती दुपारी खाली जाई. ती तबकड्यांची कापडी वेष्टने शिवते आणि ही मंडळी मशीनचा ठेका संगीतात घेतात. तीन वर्षे ती कंपनीत भागीदार आहे. मला सांगितले नाही, कारण मी काय बोललो असतो ते तिला पाठ होते.

३) तपासणीच्या दिवशी आतल्या खोलीत फक्त मशीन चालू होते व आपल्या कर्मचाऱ्याच्या यंत्रावरील आकडा मर्यादेच्या आत होता. मी दारातून 'बंद करा हा गोंधळ' असे ओरडलो, तेव्हा तो चढला. कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. तोच आकडा कागदावर गेला.

४) आवाज ओळखून ही मागच्या दाराने निघून गेली. तिने माझा आवाज एका शब्दात ओळखला. मला तिच्या मशीनचा तीन वर्षांत ओळखता आला नाही. पंचनाम्यात 'पायमशीन, जुने, पायपट्टी तारेने बांधलेली' अशी नोंद आहे. ती तार मीच बांधली होती. खाली पंच म्हणून सहीही माझीच आहे.

५) ही भांडली नाही. एवढेच म्हणाली, "अकरा वेळा लिहिलंत. एकदा खाली डोकावला असतात तर?" तेव्हापासून गरजेपुरते बोलते. गरज दिवसातून दोनदा पडते.

नवी तबकडी सोमवारी निघायची आहे आणि अर्धवट शिवलेली चाळीस वेष्टने आत अडकली आहेत. तरी तो आकडा माझ्या नावे लावून खोलीचे सील काढावे. कायद्याने काहीतरी बंद करणे भागच असेल, तर मी तोंडाचे हमीपत्र देतो.

जाता जाता कळवितो की, त्या दिवशी खाली ध्वनिमुद्रण चालू होते. माझे ओरडणे त्यात आले आहे व ते तबकडीत ठेवण्याची परवानगी मंडळींनी मागितली आहे. मी पुसाच म्हणणार होतो. पण हिने ते दोनदा ऐकले आणि म्हणाली, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तालात बोललात."

परवानगी दिली आहे.

आपला, या वेळी खरोखरच नम्र,
(सही)
वरच्या मजल्यावरील तक्रारदार
दि. ९ मार्च

सोबत :
१. पंचनाम्याची प्रत (या वेळी वाचलेली).
२. माझे ओरडणे वापरण्याचे परवानगीपत्र.
३. माझ्या तोंडाच्या हमीपत्राला हिचे संमतीपत्र जोडलेले नाही. मशीन वर आल्यावर बघू, म्हणते.