ल्वांडलेच्या आईची पसंती

डर्बन, रविवार दुपार

प्रिय फिली,

तुझा फोन वाजतो, तुझं नाव दिसतं आणि मी तो तसाच वाजू देते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर तू बोलायला लागलीस की माझा राग किती लवकर पातळ होतो ते तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी तू मला मध्येच हसवणार नाहीस.

आधी घरचं सांगते. आईचं खुब्याचं हाड जुळलंय. काठी टेकत अंगणात जाते आणि शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या घालते, म्हणजे बरीच आहे. तू पाठवलेली शाल दिवसभर तिच्या खांद्यावर असते. "फिली कशी आहे गं?" म्हणून विचारत होती, मी मजेत आहे म्हणाले. तिला काही कळू दिलेलं नाही. माझी ल्वांडले आता चालत नाही, पळतेच. थंडीभर गावी राहिल्यामुळे पाणी विसरली असेल असं वाटलं होतं, पण परवा पोहायच्या तलावात उतरवली तर माझ्या खांद्यावर डोकं टाकून निवांत पडून राहिली.

तुझ्या मावशीचं गॅरेज आठवतं का तुला? तू शिलाई मशीनवर, मी जमिनीवर कापड कापत बसलेली. तेव्हा मी तान्ह्या पोरांना पाण्याची सवय करायचे वर्ग नुकतेच सुरू केले होते आणि आया मुलांना घरचेच डायपर घालून आणायच्या. पाण्यात तो डायपर एवढा फुगायचा, की पोर बाहेर काढलं की गुडघ्यापर्यंत लोंबायचा. मी तुला त्याची नक्कल करून दाखवली आणि हसता हसता तू सुई बोटात खुपसून घेतलीस. लगेचच तू मांडीला घट्ट बसणारी, पाण्यात न फुगणारी चड्डी शिवलीस. मग उन्हासाठी लांब बाह्यांचे स्विमसूट आले. मानेवर झालर असलेली टोपी आली, हनुवटीखाली बांधायची, कारण न बांधलेली टोपी कुठलंच पोर डोक्यावर राहू देत नाही. चेन मानेला चिमटू नये म्हणून वर कापडाची घडी घालायची, ही तुझीच युक्ती.

रंगाचा नियमही तुझाच. प्रत्येक नव्या कापडाचा तुकडा दगडाला बांधून तू तलावाच्या तळाशी सोडायचीस आणि आया जिथं बसतात त्या खुर्चीत जाऊन बसायचीस. नारिंगी दिसायचा, भडक गुलाबी दिसायचा, फिकट निळा मात्र पार नाहीसा व्हायचा. "जे माझ्या डोळ्याला सापडत नाही ते माझ्या दुकानात येणार नाही," असं तू म्हणाली होतीस. फुग्यांचंही आपलं ठरलेलंच होतं. दंडाला बांधायचे फुगे नाहीत, आत फोम शिवलेले तरंगते पोशाखही नाहीत. फुगे घातलेल्या पोराला वाटतं पाणीच आपल्याला धरून ठेवतं, आणि फुगे काढले तरी त्याला तसंच वाटत राहतं. हे मी वर्गात रोज बघत होते आणि रोज तुला येऊन सांगत होते. होडीत बसणार असाल तर दोन पायांमधून पट्टा जाणारं खरं लाइफ जॅकेट घ्या, नाहीतर आईचा हात पुरे, असं तू गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचीस. गिऱ्हाईक फणकाऱ्यानं निघून गेलं तरी तुला काही वाटायचं नाही. मला तुझा फार अभिमान होता गं.

गावाहून आले त्या दिवशी घरी सामान टाकलं आणि ल्वांडलेला पाठीवर बांधून थेट तुझ्या दुकानात आले. तुला चकित करायचं होतं. आणि भिंतभर माझीच पोरगी दिसली. तू समुद्रावर काढलेला तोच फोटो, पण अंगावरचा नारिंगी सूट गेलेला. त्या जागी फिकट निळा, छातीत आणि पाठीत फोम भरलेला. संगणकावर चढवून घेतलास ना? खाली मोठ्या अक्षरात, 'ल्वांडलेच्या आईची पसंती'. फिली, दवाखान्यात मला ल्वांडलेची आई म्हणून पहिली हाक तू मारलीस. आपण दोघी रडलो होतो तेव्हा. तेच नाव तू अशा गोष्टीला चिकटवलंस, जी मी माझ्या पोरीच्या अंगाला लागू दिली नसती. मी विचारलं तर तू कपड्यांच्या घड्या घालत म्हणालीस, "लोकांना हेच हवंय गं डुडू. पोराला घातलं की आई निवांत बसते. उलट तुझं नाव झालंय, रुसतेस काय?" निवांत बसते! हे तू म्हणावंस? बाकी कोणी म्हटलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. तुला काय समजावणार? तुला सगळं माहीत होतं. माहीत असून केलंस, आणि मी आजारी आईजवळ होते तेव्हा केलंस. मी तशीच बाहेर पडले, कारण आणखी थांबले असते तर भर दुकानात रडले असते.

गेल्या आठवड्यात वर्गाला खेथिवे नावाची एक नवी बाई आली. बरोबर तिचा म्पिलो, आमच्या ल्वांडलेएवढाच, आणि त्याची आजी. पोरगा पाणी बघून आईच्या मानेला असा चिकटला की सुटेना. माझ्याजवळ ल्वांडलेला बघताक्षणी खेथिवेनं मला ओळखलं, त्या भिंतीवरच्या फोटोमुळे. मग खाली बघत सगळं सांगितलं. भावाच्या घरी मांस भाजायचा बेत होता, सगळं कुटुंब जमलेलं. तुझ्याकडचा निळा सूट घालून म्पिलो सकाळभर तिथल्या अंगणातल्या तलावात तरंगत होता. जेवायच्या वेळी ओल्या कपड्यांनी बसू नये म्हणून तिनं तो काढून वाळत घातला आणि ताटं घ्यायला आत गेली. पोरगा चालत गेला आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरला, सकाळी उतरत होता तसाच, हसत. आजीनं ते बघितलं. जिला उभ्या जन्मात पोहता आलं नाही ती बाई साडेपाच फूट पाण्यात अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, काठाची शिडी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नातवाला ओढलं. दोन दिवस पोराला दवाखान्यात ठेवलं होतं. आता बरा आहे. पण अंघोळीलासुद्धा किंचाळतो.

आणि खेथिवे तुला दोष देत नाही गं. ती स्वतःलाच दोष देते. "चूक माझीच. मी तो अंगातून काढायलाच नको होता," म्हणाली. पुढच्या मापाचा घेणार आहे, यापुढे जेवतानासुद्धा काढणार नाही, असं सांगत होती. मग मला आपुलकीनं विचारलं, "ल्वांडलेला आता कोणतं माप लागतं?"

मी सांगितलं, ल्वांडलेनं तो कधीच घातलेला नाही. का घातलेला नाही, हेही सांगितलं, फुग्यांचं सगळं. मग तिनं विचारलं, "मग भिंतीवर ती कोण आहे?" म्हटलं, ते दुकानवाल्या फिलिसिवेला विचार. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी खेथिवे तुझ्या दुकानात येते आहे, म्पिलोला आणि त्याच्या आजीला घेऊन. काही विकत घ्यायला नाही, एवढंच विचारायला. मी बरोबर येणार नाही. तुला आधी कळवलं, एवढं आपल्या मैत्रीचं माझ्याकडून झालं. तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण सांगताना त्या पोराकडे बघून सांग.

तुला अजूनही फिलीच म्हणणारी,
डुडू