न वाजलेला बार

प्रिय अप्पा,

लोह्याच्या पुढं एका पडीक माळावर, मातीच्या बांधाआड बसून लिहितेय. इतक्या वर्षांत घरी बसून एक ओळ लिहिली नाही तुम्हाला! आत्ता लिहितेय, कारण हात रिकामे राहिले तर मीच उठून जाईन की काय, अशी धास्ती वाटतेय.

आमच्या कॉलेजच्या पोरांनी रॉकेटची मोटार केलीय. हातभर नळी, आत घट्ट बसवलेलं इंधन. बांधाच्या पलीकडं रोवून ठेवलीय. मघाशी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. बॅटरीच्या तारा मी काढून घेतल्या, पण आत काही धुमसत असलं तर? हे इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, अप्पा. बंद करायला त्याला तोटी नसते. म्हणून ठरलेला वेळ सरेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही.

तुमचाही हाच नियम होता ना? जळकोट भागातल्या कितीतरी विहिरींचे सुरुंग तुम्ही उडवलेत. जेवताना सांगायचात, "न वाजलेला बार लई वंगाळ. त्याच्याजवळ जायची घाई करायची न्हाई." मग त्या दिवशी तुम्हीच का उतरलात?

तुमच्या जोडीला असायचे त्या काशीकाकांनी मला नंतर सांगितलं. तुम्ही बाभळीखाली पान चघळत थांबला होतात. विहीरवाला म्हणाला, "काय अप्पा, भिऊन राहिले का?" सगळे हसले. तेवढ्यावर तुम्ही उठलात, विहिरीत उतरलात, आणि बार वाजला. एका हसण्यावर, अप्पा? राग येतो हो मला तुमचा! आईच्या कपाळाकडं बघितलं की अजून येतो.

आज तसंच मलाही ऐकावं लागतंय. कॉलेजचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आलेत, जेवणं खोळंबलीत. "मॅडम, दिवाळीच्या फटाक्याला एवढं भ्यायचं असतंय व्हय?" म्हणाले. पोरंही हसली. खोटं कशाला बोलू, कान तापले माझे. तुमचीच लेक ना! वाटलं, जावं तरातरा आणि दाखवावं यांना. तुम्ही कसे उठला असाल ते तेव्हा कळलं.

ही मोटार जिनं खपून केली ती पल्लवी तर उभीच राहिली. "मॅडम, वायर निघाली असंल. पटकन बघूनच येते की." दंडाला धरून खाली बसवलं तिला. फुगून बसलीय, तोंड तिकडं करून.

आणि खरंच नुसती वायर निघाली असेल तर? पाहुणे वाटभर माझी टिंगल करतील. तुम्ही बसून राहिला असतात तर तुमचीही झाली असती. विहीरवाला चार दिवस हसला असता आणि विसरला असता. एक कंटाळवाणी दुपार गेली असती, आणि संध्याकाळी सायकल भिंतीला लावून तुम्ही आईला चहा टाकायला सांगितला असता. तेवढं का नाही जमलं तुम्हाला?

पल्लवी आज तिच्या आईकडं रुसलेलीच जाईल, अप्पा. पण जाईल. शब्द देते तुम्हाला.

तुमची,
शोभा