सखूचा 'ख'

मंगळवार, चैत्र. दिवेलागण.

आज नांदुऱ्याहून पाणपोईचा फ्लेक्स आणला. परवा सखूला जाऊन वर्ष होतं, त्या दिवशी स्टँडवर तिच्या नावानं पाणी ठेवायचं आहे. घरी उलगडला, तर शेजारचा गुलाब मोठ्यानं वाचतो, "सरवूबाई पाणपोई! काऊन हो, हे सरवूबाई कोन?" आणि हसत सुटला.

अक्षर भरभर हातानं लिहिल्यासारखं, तिरपं, दिसायला गोड. पण 'ख'चे पायच जुळलेले नाहीत, 'र' आणि 'व' सुटे दिसतात. दुकानदाराला फोन केला. म्हणतो, "बाबा, हा हँडरायटिंगचा फॉन्ट आहे. पत्रिका, केक, दुकानाच्या पाट्या, आता सगळीकडं हाच चालते." हाताचं अक्षर म्हणे! पाणपोईतले दोन्ही 'प' अगदी एकसारखे. कोणाच्या हाताला जमतं हे?

सून म्हणाली, "मामाजी, लोकं पाणी पितीन का सासूबाईचं नाव वाचत बसतीन?" खरं असेल तिचं. मी चौथी शिकलेला, उगाच कुरकुरतोय का? पण पाणी पिऊन कोणी नाव घेतलंच, तर ते सखूचं असावं. सरवूचं नको. 'ख'चे पाय जुळलेच पाहिजेत.

मघाशी जाड पेनानं मीच तिचं नाव लिहून पाहिलं. उकार वाकडा गेला, पण 'ख' जुळला. उद्या पहिल्या बसनं हा कागद घेऊन जातो. दुकानदाराला सांगणार, "तुले हाताचंच अक्षर पाह्यजे ना? मंग हे घे."